युद्धाचे मूळ मैदानात नव्हते

‘एल साल्वाडोर आणि होंडुरास फुटबॉलच्या सामन्यावरून लढले’ हे मध्य अमेरिकेतील या दोन शेजारी देशांबद्दलचे विधान मला अपुरे वाटते. जून १९६९च्या अखेरीस मेक्सिको सिटीत झालेला विश्वचषक पात्रतेचा निर्णायक सामना एल साल्वाडोरने जादा वेळेत ३-२ असा जिंकला आणि १४ जुलैला त्याच्या सैन्याने होंडुरासवर हल्ला केला, एवढा क्रम खरा आहे. परंतु मूठभर जमीनदारांच्या हाती शेती एकवटलेल्या एल साल्वाडोरमधून होंडुरासात जाऊन वसलेल्या सुमारे तीन लाख लोकांपैकी अनेकांना तेथील भूसुधारणेच्या नावाखाली हुसकावले जात होते, आणि हा वाद त्याआधीच पेटलेला होता. त्या विस्थापितांना वगळून केवळ प्रेक्षकांच्या दंगलींविषयी लिहिणे अन्यायाचे आहे. लढाई सुमारे शंभर तासांत थांबली; शांतता करारासाठी मात्र १९८० उजाडले.