ग्लासवर नाव छापण्याआधी हे बघा

भाऊ, वरुडच्या आठवडी बाजारात संत्रा ज्यूसची गाडी लावताय, आनंद वाटला. पण नाव छापलेले प्लास्टिक ग्लास पीपीचे घ्यावे की पेटचे (हे प्लास्टिकचेच दोन प्रकार), या तुमच्या प्रश्नावर इथे एवढी चर्चा झाली आणि मूळ गोष्टच राहिली. एकदाच वापरायचे प्लास्टिक ग्लास आपल्या राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंद आहेत. पहिल्यांदा सापडलं की ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००. घाऊकवाला विकतो, म्हणून चालतं असं समजू नका.

तिथेच पिणाऱ्याला काचेचा ग्लास द्या. उन्हाळ्यात गिऱ्हाईक सावलीत थांबूनच पितं ना! पार्सलला कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणारे कप, पण त्यांना सीपीसीबीचं (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) प्रमाणपत्र आहे का ते विक्रेत्याकडे मागा. छपाईचे पैसे ग्लास धुवायच्या पाण्याच्या टाकीत घाला, आणि नाव गाडीवर ठळक रंगवून घ्या.