मदत हवी आहे: घरच्या बिअरची आंबवण १.०२० घनतेवर संपली की अडकली?

मंडळी, मी लीड्सला राहते. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात विनापरवाना करता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

खेप २० लिटरची, इंग्लिश पेल एल (फिकट रंगाची बिअर). साडेचार किलो मारिस ऑटर माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), कडवटपणासाठी ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्सची फुलं, एस-०४ यीस्टचं एक पाकीट. सुरुवातीची घनता १.०४८ (पाण्याची १.०००; यीस्ट साखर खातं तसा हा आकडा उतरतो). दुसऱ्या दिवशी चार बोटं फेस होता, पाचव्या दिवशी एअरलॉक (झाकणावरची, वायू बुडबुड्यांतून बाहेर सोडणारी नळी) गप्प झाला. आठव्या दिवशी घनता मोजायच्या हायड्रोमीटरवर १.०२०. दहाव्या आणि बाराव्या दिवशीही तेच.

आकडा दोन-तीन दिवस हलला नाही की आंबवण संपली, असं सगळे सांगतात. पण या यीस्टने १.०१२ च्या आसपास जायला हवं होतं. चव घेतली तर जिभेवर अजून गोडवा राहतो.

रात्री हीटिंग बंद असतं, सकाळी स्वयंपाकघरात १४ अंश. थंडीत आई इडलीच्या पिठाचा डबा गोधडीत गुंडाळायची, तशी बादली गुंडाळून वरच्या खोलीत नेली. आता ती १९ अंशांवर आहे आणि एअरलॉक पुन्हा बोलायला लागलाय, मिनिटाला एखादा बुडबुडा. पण एक दिवस उलटला तरी घनता १.०२० च!

मग हे बुडबुडे कसले? यीस्ट जागं झालंय, की गार बिअरमध्ये विरघळलेला वायू ऊब मिळाल्यावर नुसता बाहेर पडतोय? मागच्या खेपेला बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरल्या आणि मध्यरात्री जिन्याखालच्या कपाटात तीन बाटल्या फुटल्या. सकाळी मुलीची शाळेची पिशवी उचलली तर त्यात काचा होत्या. त्यामुळे यावेळी खात्री झाल्याशिवाय बाटलीला हात लावणार नाही.

प्रतिसाद
ताई, बुडबुडे सोडून द्या. तुम्ही म्हणता तसा तो विरघळलेला वायूही असू शकतो. उलट बादलीचं झाकण घट्ट नसेल तर जोरात आंबत असतानाही एअरलॉक हलत नाही.

आधी हायड्रोमीटर २० अंशांच्या साध्या पाण्यात सोडून बघा, १.००० यायला हवा. नमुना दोन ग्लासांत वरखाली ओतून त्यातला वायू घालवा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो.

मग खरी परीक्षा. उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत पाव लिटर बिअर घ्या, त्यात ताज्या यीस्टची चांगली चिमूट टाका, तोंड सैल झाका आणि २५ अंशांच्या आसपास दोन-तीन दिवस ठेवा. अधूनमधून हलवा. आकडा उतरला तर साखर शिल्लक आहे आणि बादलीतलं यीस्ट झोपलंय. एस-०४ गारव्यात पटकन तळाशी बसतं. नाही उतरला तर मॅशकडे, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढायच्या पायरीकडे, बघावं लागेल. ७० अंशांच्या पुढे गेला असेल तर यीस्टला न पचणाऱ्या शर्करा जास्त बनतात आणि घनता वरच थांबते. तुमचा मॅश किती अंशांवर होता? आणि तो नमुना परत बादलीत ओतू नका.

धागाकर्ती
मनापासून आभार. मॅश ६६ वर होता. साध्या पाण्यात हायड्रोमीटर बरोबर १.००० दाखवतो. बाटलीतला नमुना दोन दिवसांत १.०१३ वर आला! म्हणजे यीस्टच झोपलं होतं. झाकण न उघडता बादली हलकेच गोल फिरवली, आत हवा मिसळू दिली नाही. आज सकाळी बादलीत १.०१७, आणि त्या गोडव्याच्या जागी हॉप्सचा कडवटपणा जरासा जाणवायला लागलाय. आता एक दिवसाआड मोजते आहे. १.०१३ ला सलग तीनदा तोच आकडा आला की मगच बाटल्या काढेन. तोवर बादली १९ वरच ठेवू की २१ पर्यंत नेऊ?