घरच्या घोड्याला नाल हवीच कशाला?

निपाणीचा घोडेवाला: आपल्याकडं घोडी विकत घेतली की दुसऱ्या दिवशी नालबंदाला फोन जातो. लग्नसराईत चार वराती करायच्या आणि बाकी वर्ष परड्यात उभं राहायचं, अशा घोडीला लोखंड कशाला? पाय टेकला की खूर पसरतो, उचलला की मिटतो, आणि त्या दाबानं रक्त वर ढकललं जातं. नालेनं ते पसरणं आखडतं. शिवाय खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. नाल असली की ही वाढ झिजत नाही, पुढचं टोक लांबत जातं आणि ताण पायामागच्या, स्नायू हाडाला बांधणाऱ्या शिरांवर येतो. पण नाल आपोआप गळून पडेपर्यंत पाय उचलून बघतंय कोण?

चिकोडी तालुका: परड्यातल्या घोडीचं ठीक आहे हो. माउलींचे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आळंदीपर्यंत चालत जातात. एवढ्या डांबरी वाटेला तुम्ही आपलं जनावर अनवाणी सोडाल का? वाढीपेक्षा झीज जास्त झाली की घोडं लंगडणारच. उसाच्या गाडीच्या बैलाला पत्री मारतात ती काय हौस म्हणून?

अथणीकर: मेंढरांबरोबर बिऱ्हाड वाहणारी घोडी बघा की. आमच्या शिवारातनं जातात त्यांच्या पायात नाल दिसत नाही, तरी दिवसभर चालतात.

चिकोडी तालुका: रानातनं चालतात, अण्णा. आणि शिंगरू असल्यापासनं चालतात. आज नाल उपटून उद्या टांग्याला जुंपलं तर जमेल का?

खानापूर भाग: आमच्याकडं पावसाळ्यात खूर भिजून मऊ पडतो. त्यात जांभ्याचा खडा रुतला की तळवा ठेचलाच. पण भिजलेल्या खुरात खिळाही धरत नाही, तेही खरं.

जनावरांची डॉक्टर: चिकोडीकरांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे. वरून नवा खूर उतरून टोकापर्यंत यायला वर्षभर लागू शकतं, तोवर मऊ जमिनीवर थोडं थोडंच चालवायचं. माझा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. खिळा खुराच्या बाहेरच्या निर्जीव भिंतीतच जायला हवा. जरा आत गेला की पू होतो, आणि घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. लस किती जणांनी टोचली आहे? नाल असो वा नसो, 6 ते 8 आठवड्यांनी खूर कापून सारखा करायलाच हवा.

अथणीकर: ताई, नुसता खूर कापायला नालबंद येतोय कुठं? त्याला पैसे नालेचे मिळतात.

निपाणीचा घोडेवाला: नालेएवढेच पैसे देतो म्हणालो, तेव्हा आला. कुरकुरत आला, पण आला.

चिकोडी तालुका: मग वाचलं काय तुमचं?

निपाणीचा घोडेवाला: पैसे वाचवायचं कोण म्हणालं?