महागड्या अ‍ॅम्प्लिफायरला बास-ट्रेबलची बटणे असावीत का?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)
नमस्कार. माझा जुना अ‍ॅम्प्लिफायर बदलायचा आहे. नागपूरच्या एका दुकानात जो ऐकून मन भरले, त्यावर बास-ट्रेबलची, म्हणजे खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करायची, बटणेच नाहीत. उंची यंत्राला त्यांची गरज नसते, उलट ती आवाज बिघडवतात, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. माझी अडचण अशी की वडिलांनी जमवलेल्या नाट्यगीतांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, जुन्या तबकड्या मी नेहमी ऐकतो, आणि दिवाळीनंतर चांगला भाव येईपर्यंत आमचा कापूस त्याच खोलीत भरलेला असतो. त्या काळात आवाज इतका मंद होतो की ट्रेबल वाढवल्याशिवाय तबल्याच्या चाटेवरचे (कडेवरचे) बोल उमटत नाहीत. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (आर्वी)
दुकानदाराचे म्हणणे अगदीच निराधार नाही. बटणामागे डाव्या-उजव्या बाजूंसाठी दोन पोटेन्शिओमीटर (फिरवून कमी-जास्त करायचे विद्युतरोध) असतात, ते तंतोतंत जुळत नाहीत, आणि आपल्याकडची धूळ त्यांत शिरली की खरखर सुरू होते. माझा मुख्य आक्षेप मात्र खोलीचा दोष बटणाने झाकण्याला आहे. माझी खोली बारा बाय बारा फुटांची आहे. अशा चौरस खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा स्वर समोरासमोरच्या भिंतींच्या दोन्ही जोड्यांत एकाच वेळी घुमतो. बास कमी केला की घुमारा उतरतो खरा, पण बटण खालचा सगळा पट्टाच उतरवत असल्याने तानपुऱ्याचा खर्जही त्याच्याबरोबर जातो. मी स्पीकर भिंतीपासून अडीच फूट पुढे घेतले आणि बसायची जागा मागच्या भिंतीपासून सोडवली. एक रुपयाही न लागता निम्मे काम झाले.

उत्तर (मेहकर)
घुमाऱ्याबाबत आर्वीचे भाऊ सांगतात ते मला मान्य आहे, पण प्रश्न कापसाचा आणि तबकड्यांचा आहे. मोकळा कापूस मुख्यतः वरचे स्वर शोषतो, आणि ट्रेबलचे बटण नेमका तोच पट्टा उचलते, म्हणून इथे ते योग्य औषध आहे. तबकड्यांचे कारण याहून भक्कम आहे. आजचे फोनो इनपुट, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची तबकडीयंत्र जोडायची जागा, १९५४ मध्ये रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना) प्रमाणानुसार १० किलोहर्ट्झला सुमारे १४ डेसिबल कपात करते, कारण या प्रमाणाच्या तबकड्यांत वरचे स्वर मुद्रित करतानाच तितके वाढवलेले असतात. त्याआधी कंपन्यांची प्रमाणे वेगवेगळी होती, आणि अनेक जुन्या तबकड्या मुद्रित करताना वरचे स्वर वाढवलेलेच नव्हते. त्यांच्यावर ही कपात म्हणजे निव्वळ अन्याय आहे. बटणाने तो पुरता भरून निघत नाही, पण गायकाचा शब्द स्पष्ट होतो. राहिला आवाज बिघडण्याचा मुद्दा. पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात मांडलेल्या रचनेत बटण मधोमध असताना प्रतिसाद सपाट राहतो, म्हणजे कुठलाच स्वर वाढत किंवा घटत नाही, आणि लक्समनसारख्या कंपन्या आपल्या महागड्या यंत्रांतही ही बटणे देतात, शिवाय ती पूर्णपणे वगळणारा स्विचही देतात. मग नाकारायचे कशासाठी?

प्रश्नकर्ता
दोघांचे मनापासून आभार. काल स्पीकर भिंतीपासून पुढे घेतले आणि खालचा घुमारा खरोखर कमी झाला. तबकड्या मात्र होत्या तशाच मंद वाटल्या. बटणे आणि ती वगळण्याचा स्विच, दोन्ही असलेलाच अ‍ॅम्प्लिफायर पाहतो आहे. वेचणी सुरू झाली आहे. कापूस खोलीत आला की दुकानदाराला यंत्र चार दिवसांसाठी घरी मागणार आहे, कारण दुकानात ऐकून माझा निर्णय होणार नाही.