शब्दचर्चा : ओल्या हॉपची एल आणि तिच्या आजूबाजूचे शब्द

प्रश्न, पुण्याहून

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या हॉपच्या, म्हणजे बीअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, हंगामावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. लेख होत आलाय, पण काही शब्दांपाशी अडलेय. तिथे ज्याला ‘ग्रीन हॉप’ आणि अमेरिकेत ‘फ्रेश हॉप’ म्हणतात, त्याला मी ‘ताजा हॉप’ लिहिलं. संपादकांनी विचारलं, एरवी काय शिळा वापरतात का? ‘हिरवा हॉप’ लिहावं, तर हॉप हिरवाच असतो. ‘रिअल एल’ आणि ‘कास्क’ यांचं काय करावं? ‘पब’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो वाचून पुण्यातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे जे येतं ते तिथलं नव्हेच. आणि एल ही बीअरच, की बीअरहून वेगळी? जाणकारांनी मदत करावी.

उत्तर, कँटरबरीहून

ताई, संपादकांची शंका रास्त आहे. ‘ओला हॉप’ लिहा. ओली हळद, ओले काजूगर, ओला नारळ म्हटलं की ती वस्तू भिजलेली आहे असं आपल्यापैकी कुणाला वाटत नाही. वाळवलेली नाही, एवढंच कळतं. इथेही तेवढंच सांगायचंय.

हॉप वर्षातून एकदाच निघतो, ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरभर. बीअर मात्र बारा महिने करायची असते, म्हणून तो वाळवून ठेवावा लागतो. नुकत्या तोडलेल्या फुलात सुमारे 80 टक्के पाणी असतं. तसाच ढीग घालून ठेवला तर आतून तापतो आणि कुजायला लागतो. भट्टीत साधारण 60 अंशांवर वाळवून ते पाणी 10 टक्क्यांच्या आसपास आणतात. केंटमध्ये शेतांच्या कडेला विटांच्या गोल इमारती आणि त्यांवर पांढऱ्या लाकडी टोप्या दिसतात ना, त्या याच भट्ट्या. त्यांना ‘ओस्ट’ म्हणतात. बहुतेकांची आता राहती घरं झाली आहेत. लेखात त्यांना ‘हॉप वाळवायच्या भट्ट्या’ म्हणा. नुसतं ‘भट्टी’ लिहिलं तर मराठी वाचक दारूच्या भट्टीकडे जाईल.

ओल्या हॉपच्या एलमध्ये ही वाळवणी वगळतात. सकाळी तोडलेली फुलं त्याच दिवशी ब्रुअरीत पोचून बीअरच्या काढ्यात पडतात. वजनात पाणीच जास्त, त्यामुळे एक किलो वाळक्या हॉपच्या जागी चार-पाच किलो ओला लागतो. शेत आणि ब्रुअरी जवळ हवीत, शेतकऱ्याने आणि बीअर करणाऱ्याने एकाच दिवसावर बोट ठेवायला हवं, आणि पाऊस पडला तर दोघांनी थांबायचं. आधुनिक काळात इंग्लंडमध्ये हे पहिल्यांदा 1992 साली विल्टशरमधल्या वॅडवर्थ ब्रुअरीने केलं, ‘मॉल्ट अँड हॉप्स’ नावाने. आज केंटमधल्या कितीतरी ब्रुअऱ्या सप्टेंबरअखेर आपापली ओल्या हॉपची एल काढतात आणि महिन्या-दीड महिन्यात ती संपते. ठेवून पिण्याची ही चीजच नाही, तिचा वास टिकत नाही.

सिअ‍ॅटलहून

‘ओला’ला माझंही मत. यात नुसती सोय नाही, अचूकपणाही आहे. अमेरिकेतला बहुतेक हॉप आमच्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात होतो. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेव्हाडा ब्रुअरीने 1996 साली ओल्या हॉपची पहिली ‘हार्वेस्ट एल’ केली, तेव्हा हॉप इथूनच नेला होता. तीच ब्रुअरी पुढे ‘फ्रेश’ आणि ‘वेट’ असे दोन वेगळे शब्द वापरू लागली. वाळवून आठवड्याच्या आत वापरला तो फ्रेश, न वाळवलेला तो वेट. म्हणजे ताजा हॉप वाळकाही असू शकतो. आमच्या इथल्या पबांत मात्र ‘फ्रेश हॉप’ म्हणजे न वाळवलेलाच. वाचक या दोन वापरांत गोंधळेल, ‘ओला’ लिहिलं की वादच मिटतो.

ताई, लेखात चवीबद्दल काय लिहिलंय? लोक सरसकट ‘कडू’ लिहून मोकळे होतात.

प्रश्नकर्ती

मीही ‘कडू’च लिहिलंय. आणि हॉपच्या फुलातल्या पिवळ्या भुकटीला ‘पराग’.

कँटरबरीहून

पराग आधी काढा. बीअरला लागणारा हॉप म्हणजे मादी वेलाची फुलं, परागाचा तिथे संबंध नाही. कोवळ्या पोपटी पाकळ्यांचं शंकूसारखं फूल असतं, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं मोठं, हातात घेतलं तर कागदासारखं हलकं. मधून फाडलं की पाकळ्यांच्या मुळाशी पिवळे दाणे दिसतात. त्या राळेने भरलेल्या ग्रंथी, ल्युप्युलिन. फूल तळहातांवर चोळा, हात आधी चिकट होतो, मग पिवळा. वास थरांनी येतो. आधी कापलेलं गवत, मागून संत्र्याची साल, आणि सगळ्यात शेवटी मिरीसारखं काहीतरी उग्र. साबणाने एकदा धुऊन तो जात नाही. हॉप आणि भांग एकाच कुळातल्या वनस्पती, हेही लेखात घाला. मराठी वाचकाला तो उग्रपणा लगेच ओळखीचा वाटेल. नशेचा भाग मात्र हॉपमध्ये नाही, हे त्याच वाक्यात लिहा.

आता ‘कडू’. हॉपच्या राळेतली आम्लं बराच वेळ उकळली की कडवटपणा उतरतो. वास मात्र उकळीत उडून जातो, म्हणून वासाचा हॉप शेवटी घालतात. ओल्या हॉपमधली आम्लं किती हे मोजायला वेळच नसतो. म्हणून बरेच जण कडवटपणासाठी वाळका हॉप घालतात आणि ओला शेवटी, सुगंधापुरता. त्यामुळे या एलला नुसतं ‘कडू’ म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. मी ‘कडसर’ म्हणेन. घोट उतरल्यावर जिभेच्या कडांना थोडा तुरटपणा आणि नाकात कोवळ्या हिरव्या पाल्याचा वास. वाळक्या हॉपचा वास धारदार असतो, ओल्याचा मऊ. सप्टेंबरात फुगल या जुन्या इंग्लिश जातीच्या ओल्या हॉपची एल प्यायल्यावर पुढचे काही आठवडे नेहमीची एल मला कोरडी लागते.

एक क्रियापदही तपासा. ‘बीअर गाळतात’ असं लिहिलं असेल तर बदला. मराठीत ‘दारू गाळणे’ म्हणजे ऊर्ध्वपातन, वाफ करून थंड करणे. बीअरमध्ये ते होत नाही. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा गोड काढा हॉपसह उकळायचा, निववायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा. म्हणून ‘आंबवतात’ किंवा साधं ‘करतात’. छोट्या ब्रुअऱ्यांच्या ‘क्राफ्ट’ बीअरसाठी एक-दोन ठिकाणी ‘हातभट्टीची बीअर’ असं वाचलंय, ते मला अजिबात पटत नाही. हातभट्टी या शब्दामागे विषारी दारूने गेलेली माणसं उभी आहेत. ‘क्राफ्ट बीअर’च राहू द्या, लोकांना कळतं.

एल ही बीअरच. इंग्लंडमध्ये फार पूर्वी हॉप न घातलेली ती एल आणि हॉप घातलेली ती बीअर असा फरक होता. हॉपची पद्धत साधारण पंधराव्या शतकात समुद्रापलीकडून, आजच्या नेदरलंड्स-बेल्जियमच्या भागातून आली. पुढे दोन्हींत हॉप पडू लागला आणि तो फरक पुसला. आजचा फरक यीस्टचा आणि तापमानाचा. एल थोड्या उबेत लवकर आंबते, लागर थंडाव्यात सावकाश. आपल्याकडे बाटलीत मिळते ती बहुतेक लागर.

प्रश्नकर्ती

हे सगळं उतरवून घेतेय. रिअल एलसाठी ‘खरी एल’ चालेल?

कँटरबरीहून

नको. मग बाकीच्या खोट्या ठरतात. ‘रिअल एल’ हे नाव चळवळीतून आलंय. 1971 साली चार इंग्लिश तरुणांनी आयर्लंडमधल्या एका बारमध्ये बसून संघटना काढली, आज ती ‘कॅम्रा’ नावाने ओळखली जाते. मोठ्या कंपन्या यीस्ट गाळून काढलेली, तापवलेली आणि वायू भरलेली बीअर पबांवर लादत होत्या, त्याविरुद्ध हा लढा. त्यांच्या व्याख्येचा गाभा असा की एल ज्या भांड्यातून वाढायची त्याच भांड्यात ती दुसऱ्यांदा आंबलेली असावी, आणि वाढताना बाहेरचा कार्बन डायऑक्साइड घालू नये. यीस्ट शेवटपर्यंत जिवंत असतं. ‘जिवंत एल’ म्हणा, किंवा सरळ ‘पिंपातली एल’.

‘पिंप’ हा शब्द मला कास्कसाठी फार आवडतो. तो पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलाय आणि पिपा म्हणजे मद्याचं लाकडी पीपच. वाचकाला पाण्याचं निळं प्लास्टिकचं पिंप आठवेल हे खरं, पण एका वाक्यात चित्र सुधारतं. पबात नेहमी दिसणारं पिंप 9 गॅलनचं, म्हणजे जवळपास 41 लिटरचं, हल्ली बहुधा धातूचं. ते तळघरात आडवं ठेवतात, एल निवळू देतात आणि वर बारवरच्या हातपंपाने ओढतात. एकदा उघडलं की हवा आत जाते, मग तीनेक दिवसांत संपवावं लागतं. म्हणून पिंपातली एल चांगली मिळणं हे निम्मं पबवाल्याच्या हातात असतं. ब्रुअरीने कितीही जीव ओतला तरी तळघर गलथान असेल तर सगळं वाया.

तपमानाबद्दल ‘कोमट’ लिहू नका, कळकळीने सांगतो. तळघर 11 ते 13 अंशांचं असतं. त्याला मराठीत चांगला शब्द आहे, ‘गार’. माठातल्या पाण्याच्या जातीचा गारवा, फ्रीजमधल्या बाटलीचा नव्हे. त्याहून थंड केली की वास मिटतो.

सावंतवाडीहून

निवळण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. ही एल निवळायला माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून वापरतात असं ऐकलं. घरी शाकाहारी मंडळी आहेत, खरं आहे का?

कँटरबरीहून

खरं आहे. ती यीस्टला धरून तळाशी बसवते. आपल्याकडे गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून घालायचे, तीच ही युक्ती. तेव्हा शब्द आयता आहे, ‘माशाची निवळी’. हल्ली अनेक ब्रुअऱ्या ती न घालता थोडी धूसर एल काढतात. पबात ‘निवळी घातली आहे का’ असं विचारायला संकोच करू नका, सांगतात.

सावंतवाडीहून

आभार. ‘पब’साठी माझी सूचना ‘तावेर्न’. गोव्यातल्या गावातला जुना तावेर्न म्हणजे घराची पुढची खोली, दोन बाकं, मालक सगळ्यांना नावाने ओळखणारा. आणि मार्च ते मे उर्राक आला की पाटी न लावताच गावाला कळतं. काजूचा पहिला उतारा तो, हंगामापुरताच. ओल्या हॉपची एल वाचताना तोच डोळ्यांपुढे आला.

नाशिकहून

‘गुत्ता’ आणि ‘पिठा’ही आपलेच. गुत्ता मुळात मक्ता, दारूविक्रीचा ठेका, त्यावरून दुकान. पण दोन्ही शब्दांना आज बदनामी चिकटली आहे, तिथे घरच्या माणसांना घेऊन कुणी जात नाही. ‘परमिट रूम’ तर मुंबई दारूबंदी कायद्याचं, 1949 सालचं अपत्य, त्यात परवानगीचा वास आहे.

थोडं अवांतर, पण आमच्या गावचं आहे म्हणून लिहितो. इंग्रजीत वेडसराला ‘डूलाली’ म्हणतात, ते आमचं देवळाली. मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने खितपत पडत, त्यांची जी अवस्था होई ती ‘डूलाली टॅप’, म्हणजे देवळालीचा ताप. आणि 2009 साली पुण्यात क्राफ्ट बीअर करणाऱ्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या ब्रुअऱ्यांपैकी एक निघाली, तिने नाव घेतलं ‘डूलाली’.

कँटरबरीहून

हे लेखात यायलाच हवं, ताई. लेख पुण्याच्या वाचकासाठी आहे.

पबला ‘पब’च म्हणा, ‘मद्यालय’ नको. मात्र पहिल्याच उल्लेखात तो कसा असतो हे दाखवा. मुळात ‘पब्लिक हाउस’, सगळ्यांसाठी उघडं घर. टेबलावर कुणी विचारायला येत नाही, बारपाशी जाऊन मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. चौघं गेले तर प्रत्येकजण आळीपाळीने सगळ्यांसाठी आणतो, त्याला ‘राउंड’ म्हणतात, आणि आपली पाळी चुकवणारा लोकांच्या लक्षात राहतो. जुन्या पबांत आतल्या बाजूला एखादी चिमुकली खोली असते, ‘स्नग’, तिला ‘आतली खोली’ म्हणून चालेल. लंडनला गेलात तर साउथवर्कमधला ‘द जॉर्ज’ बघा. 1676 च्या आगीनंतर पुन्हा बांधलेला, अंगणाकडे लाकडी सज्जे असलेला, आता नॅशनल ट्रस्टच्या मालकीचा.

पण मला विचाराल तर केंटमधल्या हर्न गावच्या ‘बुचर्स आर्म्स’बद्दल लिहा. 2005 साली खाटकाच्या जुन्या दुकानात तो सुरू झाला आणि ‘मायक्रोपब’ ही कल्पना तिथून देशभर गेली. एक खोली, पिंपातली एल, संगीत नाही. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी कमी जागा, त्यामुळे शेजारच्याशी बोलल्यावाचून राहता येत नाही. मोठे जुने पब बंद पडताहेत, इमारती विकल्या जाताहेत, अशा काळात अशा एकखोली जागांनी चांगली एल आणि गप्पा दोन्ही टिकवल्या. मायक्रोपबला ‘एकखोली पब’ म्हणून बघा, वाक्यात बसतं.

प्रश्नकर्ती

बसतं! शेवटची शंका, लिंग आणि माप. ‘एल’ स्त्रीलिंगी धरलीय, बीअरसारखी. आणि ‘पाइंट’ तसाच ठेवू?

कँटरबरीहून

ती एल, तो हॉप, तो कास्क पण ते पिंप. ‘पाइंट’ ठेवा, पण माप लिहाच. आपल्याकडच्या बारमध्ये पाइंट म्हणजे 330 मिलिलिटरची छोटी बाटली. इथला पाइंट 568 मिलिलिटरचा भरलेला ग्लास, सिअ‍ॅटलचा 473 चा. लेख वाचून कुणी इथे आलं आणि सवयीने तीन पाइंट मागवले, तर तो दीड लिटरच्या पुढे जाईल. अर्धा मागायलाही इथे काही कमीपणा नाही, तो मिळतो आणि त्यात दोन-तीन वेगळ्या एल चाखता येतात.