पकडीचा आकडा जाळेवाल्यांना लागू, तर गळवाल्यांना का नाही?

धागालेखक

किनाऱ्यालगतच्या समुद्रातून एका वर्षात कोणत्या जातीचे किती मासे काढायचे, हे हंगाम सुरू होण्याआधी ठरले पाहिजे, आणि ठरलेला आकडा व्यावसायिक नौकांइतकाच सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला जाणाऱ्या हौशी मासेमारांवरही बंधनकारक असला पाहिजे, असे माझे मत आहे. त्यावर विरोधी मते यावीत म्हणून हा धागा काढत आहे.

पकडमर्यादेची कल्पना नवी नाही. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने किनारी देशांना २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रावर हक्क दिला, आणि त्याच करारातील ६१ व्या कलमाने त्या क्षेत्रातील पकड किती असावी हे ठरवण्याची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ही जबाबदारी अर्धीच पाळली जाते. व्यावसायिक नौकांना टनांत मोजलेला कोटा मिळतो, आणि हौशी मासेमारांना मात्र माणशी दिवसाला इतके मासे आणि अमुक लांबीपेक्षा लहान मासा ठेवायचा नाही, एवढे दोनच नियम असतात. माणशी मर्यादा एका माणसाला आवरते, एकूण पकडीला आवरत नाही. गळ टाकणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली, तर एकानेही नियम मोडला नाही तरी समुद्रातून दुप्पट मासे निघतात. बंदुकीची एकेक गोळी मोजायची आणि बंदुका किती आहेत हे विचारायचेच नाही, असा हा प्रकार आहे.

हौशी मासेमारी म्हणजे किरकोळ पकड, हा समज सर्व जातींना लागू पडत नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील स्ट्राइप्ड बास या माशाची बहुतांश पकड हौशी मासेमारच करतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून या माशाचा साठा, म्हणजे समुद्रातील त्याची एकूण संख्या, खालावत गेली, १९८४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि १९८५ ते १९८९ या काळात मेरिलँड राज्याने त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. लहान मासे वाढून विणीपर्यंत पोहोचू शकले, आणि १९९५ मध्ये साठा सावरल्याचे जाहीर झाले. तेव्हा फक्त जाळेवाल्यांना थांबवले असते, तर हा मासा सावरला असता असे मला वाटत नाही.

अमेरिकेच्या मत्स्य कायद्यात २००६ मध्ये झालेली सुधारणा मला म्हणूनच आदर्शाच्या जवळची वाटते. तिच्यामुळे संघराज्याच्या व्यवस्थापनाखालील जवळपास सर्व साठ्यांसाठी वार्षिक पकडमर्यादा सक्तीची झाली, आणि वैज्ञानिक समितीने शिफारस केलेल्या पातळीच्या वर ती नेण्याची मुभा व्यवस्थापन परिषदांकडे राहिली नाही. मासे किती काढता येतील हा प्रश्न आधी, ते कोणी काढायचे हा नंतर. हा क्रम उलटा झाला की ज्याचा आवाज मोठा त्याच्यासाठी आकडा वाढत जातो.

जुना खलाशी

मी नौकेवर काम केले आहे, त्यामुळे मासा संपला की काय होते हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही धागालेखकांच्या मांडणीला माझा विरोध आहे, कारण तिच्यात आकडा बरोबर असणार हे गृहीत धरलेले आहे.

कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कॉड माशाचे उदाहरण घ्या. २ जुलै १९९२ रोजी कॅनडाच्या सरकारने तिथली मासेमारी बंद केली आणि सुमारे ३०,००० लोकांचे काम गेले. पकडमर्यादा नसल्यामुळे हे घडले, असे अनेकांना वाटते. वस्तुतः त्या साठ्यावर १९७० च्या दशकापासून एकूण पकडमर्यादा लागू होती, दरवर्षी ती जाहीर होत होती, आणि साठा संपेपर्यंत जाहीर होत राहिली. साठ्याचा अंदाज बांधताना मोठ्या ट्रॉलरना दर तासाला किती मासे मिळतात याला फार महत्त्व दिले गेले होते. मासे कमी झाले की उरलेले थोड्या जागी दाटीने जमतात, ती जागा यंत्राच्या मदतीने नेमकी सापडते, आणि जाळे पूर्वीसारखेच भरून येते. काठावर छोट्या होड्यांनी मासेमारी करणारे लोक मासा लहान झाला आहे, कमी झाला आहे, असे वर्षानुवर्षे सांगत होते. त्यांचे म्हणणे आकड्यात बसत नव्हते, म्हणून ते मोजलेच गेले नाही.

दुसरा आक्षेप टाकून दिल्या जाणाऱ्या माशांचा आहे. जाळे जात विचारून मासे पकडत नाही. एका जातीचा कोटा संपला आणि दुसऱ्या जातीचा शिल्लक असला, की पहिल्या जातीचे मेलेले मासे पुन्हा समुद्रात टाकले जातात. कागदावर मर्यादा पाळली जाते, पण मासे मेलेलेच असतात. युरोपीय संघाने २०१५ ते २०१९ या काळात टप्प्याटप्प्याने सर्व पकड किनाऱ्यावर आणण्याची सक्ती लागू केली ती याच कारणाने, आणि समुद्रात दूरवर असलेल्या नौकेवर ती सक्ती पाळली जाते की नाही हे पाहणे किती अवघड आहे ते नौकेवर राहिलेल्या माणसाला ठाऊक असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त सलतो. मर्यादा ठरली की वाटे पडतात, वाटे विकता येऊ लागले की ते मोठ्यांकडे जातात. आइसलँडमध्ये नौकांचे कोटे खरेदी-विक्रीयोग्य झाले, आणि ज्यांना सुरुवातीला वाटा मिळाला नव्हता त्यांना स्वतःच्या गावासमोरच्या समुद्रात मासे धरण्यासाठी दुसऱ्याकडून हक्क विकत किंवा भाड्याने घ्यावा लागू लागला. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने ही व्यवस्था भेदभाव करणारी असल्याचे मत दिले. माशांचा साठा वाचवताना बंदरे ओस पडणार असतील, तर त्याला व्यवस्थापन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गळकरी

मी हौशी मासेमार आहे आणि मर्यादा नकोत असे मी म्हणत नाही. पण आमच्यासाठी टनांचा आकडा लावला की काय होते, हे मेक्सिकोच्या आखातातील रेड स्नॅपरवरून पाहा. त्या माशाच्या एकूण मर्यादेतील ५१ टक्के वाटा व्यावसायिक आणि ४९ टक्के वाटा हौशी मासेमारीला आहे. साठा सावरत गेला, मासे मोठे झाले, त्यामुळे कमी माशांतच वजनाचा कोटा भरू लागला. शिवाय काही राज्यांनी आपल्या हद्दीतील पाण्यात हंगाम लांबवला, आणि तो हिशेब केंद्राच्या हद्दीतील दिवसांतून वजा झाला. २०१४ मध्ये केंद्राच्या हद्दीतील हौशी हंगाम ९ दिवसांचा होता. २०१७ मध्ये खासगी होड्यांसाठी तो ३ दिवसांवर आला, आणि ओरड झाल्यावर आणखी ३९ दिवस वाढवावा लागला. तीन दिवसांत वादळ आले तर? लोक वादळातही होड्या बाहेर काढतात, कारण दुसरी संधी नसते.

आणि आमची पकड मोजली कशी जाते? नौकेचे मासे ठरावीक धक्क्यावर उतरतात, तिथे वजन होते. आमची पकड सर्वेक्षणातून अंदाजली जाते. अमेरिकेत २०१८ मध्ये दूरध्वनीऐवजी टपालाने प्रश्नावली पाठवण्याची पद्धत पक्की झाली आणि मागच्या अनेक वर्षांचे हौशी मासेमारीचे अंदाज मोठ्या प्रमाणात वाढले. पुढे २०२३ मध्ये हे सर्वेक्षण करणाऱ्या यंत्रणेनेच जाहीर केले की प्रश्नांचा क्रम बदलून पाहिला असता मासेमारीच्या फेऱ्यांचा अंदाज ३० ते ४० टक्क्यांनी कमी येतो. प्रश्न मागेपुढे केल्याने ज्या आकड्यात एवढा फरक पडतो, त्या आकड्यावर माझा हंगाम बंद करणे न्याय्य आहे का?

धागालेखक

दोन्ही प्रतिसाद विचारात पाडणारे आहेत. तरी माझे मत मी सोडलेले नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगतो.

न्यूफाउंडलंडमध्ये मर्यादा होती, पण ती साठ्याच्या खऱ्या स्थितीपेक्षा फार वर होती, आणि शास्त्रज्ञांनी कपात सुचवल्यावरही रोजगाराच्या चिंतेने ती पुरेशी उतरवली गेली नाही. चुकीचा ताप दाखवणारा तापमापक बदलायचा असतो. ताप मोजणे सोडायचे नसते. काठावरच्या मासेमारांचे निरीक्षण मोजणीत आले पाहिजे, हा जुना खलाशी यांचा मुद्दा मला संपूर्ण मान्य आहे.

मर्यादेऐवजी दिवस मोजावेत, असा पर्याय अनेकदा सुचवला जातो. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांनी १९९६ पासून तो करून पाहिला. नौकांना माशांचा कोटा न देता समुद्रातील दिवस वाटले. टाकून देण्याचे कारण त्यामुळे नाहीसे झाले, हे खरे आहे. पण दिवस तेवढाच राहिला तरी इंजिन, जाळे आणि मासे शोधण्याची यंत्रे सुधारत जातात, आणि त्याच दिवसात अधिक मासे निघतात. तिथल्या कॉडचा साठा पुढे खालावलाच.

टाकून दिलेल्या माशांबाबत मला न्यूझीलंडची पद्धत विचार करण्याजोगी वाटते. तिथे १९८६ पासून कोटा पद्धत आहे. नौकेने आपल्या वाट्यापेक्षा जास्त मासे आणले तर तो थेट गुन्हा न ठरता त्या जादा माशांवर आकार भरावा लागतो. तो इतका ठेवायचा की मुद्दाम जादा मासे धरणे परवडू नये आणि चुकून आलेले समुद्रात फेकावेसेही वाटू नयेत. हा तोल साधणे कठीण आहे, पण दिशा योग्य आहे. त्याच देशात एकूण मर्यादा ठरवताना तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाची पारंपरिक मासेमारी आणि हौशी मासेमारी यांच्यासाठी आधी तरतूद केली जाते, आणि उरलेला भाग व्यावसायिक कोटा होतो. २०१४ मध्ये ईशान्य किनाऱ्यावरील स्नॅपरसाठी हौशी मासेमारांची दैनंदिन मर्यादा ९ वरून ७ वर आणि किमान लांबी २७ वरून ३० सेंटीमीटरवर नेली गेली. म्हणजे गळवाल्यांना एकूण हिशेबात धरूनही तीन दिवसांचा हंगाम टाळता येतो.

गळकरी यांच्या मोजणीच्या आक्षेपाचे वजन मी कमी लेखत नाही. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. पकड नीट मोजता येत नसेल तर मर्यादा काढून टाकण्याऐवजी अधिक सावध ठेवली पाहिजे, आणि मोजणी सुधारली की ती वाढवली पाहिजे. प्रत्येक हौशी मासेमाराने परवान्यासोबत आपली पकड त्याच दिवशी भ्रमणध्वनीवरून नोंदवावी, एवढी अपेक्षा आज अवाजवी नाही.

आकडेमोड

एक मुद्दा दोन्ही बाजूंनी सुटला आहे. सोडून दिलेला प्रत्येक मासा जगत नाही. खोल पाण्यातून झटकन वर आणलेल्या माशाच्या पोटातील हवेची पिशवी फुगते, आणि त्याला नुसते पाण्यात सोडले तर तो खाली जाऊ शकत नाही. वजन लावून खाली पोहोचवणारे साधन वापरले तरच त्याच्या जगण्याची शक्यता वाढते. स्ट्राइप्ड बाससाठी सोडलेल्या माशांपैकी ९ टक्के मरतात असे धरले जाते. हे प्रमाण लहान दिसते, परंतु ठेवलेल्या माशांच्या कित्येक पट मासे सोडले जात असल्यामुळे काही वर्षी सोडल्यानंतर मेलेल्यांची संख्या ठेवलेल्यांच्या जवळपास पोहोचते. किमान लांबी वाढवली की सोडायचे मासे वाढतात. तेव्हा हौशी मर्यादेचा हिशेब घरी नेलेल्या माशांवर न थांबता मेलेल्या माशांवर झाला पाहिजे.

जुना खलाशी

मोजणीचे बोलणे चालू आहे, पण वाट्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही. अलास्कातील हॅलिबट माशाचे उदाहरण मी स्वतःच देतो, कारण ते माझ्या विरोधात जाते. तिथे एकूण मर्यादा होती, वैयक्तिक वाटे नव्हते, आणि सर्व नौका एकाच वेळी तुटून पडत असल्यामुळे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काही भागांत हंगाम २४ तासांच्या एकदोन सत्रांवर आला होता. १९९५ मध्ये वैयक्तिक कोटे आले आणि हंगाम सुमारे आठ महिन्यांचा झाला. जीव धोक्यात घालून समुद्रात जाण्याची घाई संपली. हे मी नाकारत नाही.

पण वाटा व्यक्तीलाच आणि विकण्याजोगाच दिला पाहिजे असे कुठे आहे? चिलीमध्ये १९९१ च्या कायद्यानंतर लोको या शंखवर्गीय प्राण्यासाठी किनाऱ्याचे पट्टे मासेमारांच्या संघटनांकडे सोपवले गेले, आणि त्या पट्ट्यात किती काढायचे हे पाहणी करून ठरते. मर्यादा तिथेही आहे, मात्र तिची राखण गावाकडे आहे. ज्या आइसलँडवर मी टीका केली, तिथेही २००९ पासून उन्हाळ्यात छोट्या होड्यांना स्वतःचा कोटा नसताना हातगळाने मासेमारी करण्याची वाट खुली केली गेली. माझी अट एवढीच आहे की मर्यादा जाहीर करण्याआधी काठावरच्या छोट्या होड्यांचा वाटा वेगळा काढावा आणि तो विकायला बंदी असावी.

धागालेखक

विक्रीबंदीची अट मला मान्य आहे, आणि मूळ मांडणीत मी ती घातली नव्हती ही माझी उणीव होती. सोडून मेलेले मासे हिशेबात धरण्याची सूचनाही मी त्यात घेतो.

चिलीच्या उदाहरणाबाबत मात्र मतभेद कायम आहे. लोको खडकाला धरून राहतो. पट्टा राखला की त्यातला साठा राखता येतो. कॉड, बास किंवा स्नॅपर एका गावाच्या हद्दीत राहत नाहीत. एका पट्ट्यातील लोकांनी संयम पाळला तरी तो मासा पुढच्या पट्ट्यात धरला जाऊ शकतो, आणि म्हणून अशा जातींसाठी संपूर्ण साठ्याचा एकच आकडा लागतोच. तो आकडा कोणी ठरवायचा, याविषयी जुना खलाशी यांनी आपले मत अद्याप दिलेले नाही. वाटे संघटनांकडे जावेत हे मी मानतो. एकूण आकडा मात्र ज्यांचा त्यात वाटा आहे त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती नसावा, असे मला वाटते. यावर त्यांनी लिहावे.