जागा माझी, पैसा माझा, मग परवानगी कशाला?

उंबरा: "स्वतःच्या जागेत मजला चढवायला परवानगी मागायची हा छळ आहे. आधी बांधा, मग दंड भरून नियमित करून घ्या," असा सल्ला काल इथे एकाने दिला आणि त्यावर वाहवा झाली. मला राहवत नाही. वरचा भार जुना पाया पेलेल का, शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती अंतर सुटतं, हे परवानगीसाठी दिलेल्या नकाशातच पकडायचं असतं. कागदावरची भिंत खोडता येते. काँक्रीट ओतल्यावर आतल्या सळ्यांचं अंतर कोण बघणार? तुर्कस्तानने 2018 मध्ये पैसे भरून घेऊन बेकायदा बांधकामं नियमित केली. मजबुतीची जबाबदारी मालकाने लिहून दिली की झालं. फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात तिथे 50,000 हून जास्त माणसं गेली.

साइटवाला: भूकंपाची भीती घालू नका. आम्हा ठेकेदारांचं दुखणं वेगळं आहे. परवानगी देणाऱ्या कचेरीने नकाशात जिन्याच्या रुंदीची त्रुटी काढली, दुरुस्त करून दिली, मग संडासाच्या खिडकीची काढली. पहिल्याच वेळी दोन्ही का दिसल्या नाहीत? तोवर मजूर दुसरी साइट धरतात आणि मालक आमच्यावर डाफरतो.

उंबरा: त्रुटी एकदम कळवायला हव्यात, मान्य. म्हणून तपासणीच नको?

पागोळी: ठेकेदारांनी उशिराबद्दल बोलूच नये! आमच्याने सांगितलं, "अर्ज तुमच्या एकट्याच्या नावाने करा, लवकर होतं." मग मंजूर नकाशातला कॉलम परस्पर सरकवला. काम थांबवायची नोटीस आमच्या नावावर आली आणि हा उचल घेऊन गायब.

साइटवाला: ताई, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. चालू कामात "इथे खिडकी मोठी करा, तिथे गॅलरी बाहेर काढा" असं मालकच सांगतात. सुधारित नकाशा द्यायचा म्हटलं की "एवढ्याशासाठी?"

पागोळी: आम्ही एक खिडकीसुद्धा हलवली नव्हती. न बघता बोलू नका.

लेव्हलपट्टी: दोघंही करारावर या. तोंडी बदल बंद. बदल हवा तर अभियंत्याची सही, सुधारित मंजुरी, मगच काम. आणि शेवटचा हप्ता पूर्णत्वाचा दाखला, म्हणजे काम मंजुरीप्रमाणे पुरं झाल्याचा कचेरीचा कागद, हातात पडल्यावर.

साइटवाला: दाखला कचेरी अडवणार आणि पैसे माझे अडकणार? हे चालणार नाही. पाया आणि सळ्यांची तपासणी झाली की त्या-त्या टप्प्याचा हप्ता द्या, एवढं मानतो. तेही तपासणारा वेळेवर आला तर.

उंबरा: म्हणजे तपासणी हवीच, हे तुम्हीही मानलंत.

साइटवाला: सळ्यांची. प्रत्येक खिडकीची नाही.

पागोळी: हप्त्याचं पटतं. पण अर्जावर ठेकेदाराचं नाव आणि सही नसेल, तर मी पुढच्या कामाची उचल देणार नाही.